उष्टावणाचं बीट

“मावशी, याच्याहून बारीक जाळीची चाळण द्या. भोपळ्याचा दोरा राहिला तर हिच्या घशात अडकायचा.”

वैजू माझ्या भांड्यांच्या दुकानात उभी होती, कडेवर सहा महिन्यांची ईश्वरी. मी तिच्या डोक्यावर टांगलेल्या चाळणीकडं बोट दाखवलं. “ती बघ. घे काढून.”

तिनं डावा हात वर केला. तो खांद्याच्या उंचीपर्यंत गेला आणि तिथंच अडला. मग तिनं पोरगी त्या हातावर घेतली आणि उजव्या हातानं चाळण काढली. मी नुसती बघत राहिले. भांड्यांच्या दुकानात जन्म गेला की माणूस भांडं कसं हाताळतं यावरून पुष्कळ कळायला लागतं. ज्याला परवडणार नसतं तो बूड वाजवून बघतो, ज्याला घ्यायचंच नसतं तो झाकण लावून बघतो, आणि जिला घरी मार बसतो ती बाई जड भांडं अंगाला टेकवून उचलते.

“खांद्याला काय झालंय?”

“काय न्हाई. झोपेत अवघडला.”

“मी जर्मनचं पातेलं स्टीलचं म्हणून विकत नाही, वैजू. तू पण मला विकू नकोस.”

ती हसली. हसताना पण तिनं खांदा हलू दिला नाही. “ओला टॉवेल असतो, मावशी,” ती म्हणाली. “पिळायचा, टोकाला गाठ मारायची आणि पाठीत हाणायचा. आतनं ठेचतं, वरनं दिसत न्हाई. बारशाला आले होते तवाचा खांदा हाय हा. ते म्हणतात, आमच्या धंद्यात मालावर ओरखडा उठू देत नसतात.”

‘ते’ म्हणजे रणधीर, तिचा नवरा. आमच्या विट्याच्या बाजूची निम्मी घरं गलाईवर जगतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा धंदा. त्यापायी माणसं पार मुलखाच्या टोकाला गेलीत आणि दिवाळी-जत्रेला मोठ्या गाड्या घेऊन गावात येतात. रणधीरची भट्टी कोइमतूरला होती. बोलायला मऊ, कपड्याला इस्त्री, थोरामोठ्यांच्या पाया पडणारा. असा जावई मिळाला म्हणून वैजूच्या आईनं, तानूबाईनं, माझ्याच दुकानातनं पितळेचं घंगाळ नेऊन देवीला वाहिलं होतं.

“घरात सांगितलंस?”

“सांगितलं की. आई म्हणाली, कुठं मारलं ते दाखव. मी पाठ उघडी केली. आई म्हणाली, ह्याच्यावर तर काय न्हाई.”

“आणि जालिंदर?”

“दादा म्हणाला, खूण कुठाय?”

जालिंदर तिचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर घराचा कर्ता. तालमीत वाढलेला, दहा गावच्या आखाड्यात पाठीला माती न लागू दिलेला गडी. दोन्ही कान कुस्तीत चुरगळून वाळक्या अंजिरासारखे झालेले. माणूस वाईट नव्हता. पण ज्याच्या अंगावरचा प्रत्येक मार लोकांना दिसतो, त्याला न दिसणारा मार पटायचा कसा? त्याच्या हिशेबी खूण नाही म्हणजे मार नाही. बहीण माहेराला सोकावली, लेकराचं निमित्त करून पाय काढत नाही, एवढंच त्याला त्यातनं कळलं.

“मग उष्टावण झालं की निघायचं?”

“दुसऱ्या दिवशीची तिकिटं काढल्यात.” तिनं चाळण उजेडाकडं धरून जाळी बघितली. “ह्या खेपेला गेले तर मी काय परत यायची न्हाई, मावशी. हीच द्या. आणि पुरणयंत्र बी दाखवा, तिवईचं, जड बुडाचं. रताळं मऊ निघतं त्यातनं.”

हे तिनं चाळणीचा भाव विचारावा तसं सांगितलं. मी पुरणयंत्र काढून दिलं. चांगला ऐवज होता, हातात धरला की मनगट खाली जायचं.

उष्टावणाच्या दिवशी मी सकाळीच त्यांच्याकडं गेले. आमची भिंतीला भिंत. ईश्वरीचं नाव घातलेली चांदीची वाटी मी द्यायची असं बारशालाच ठरलं होतं. पुढच्या सोप्यात भावकीतली माणसं बसली होती. त्यात सर्जेराव आण्णा, म्हणजे ज्यांनी हे लग्न जमवलं ते, मधल्या गादीवर. लग्न चांगलं निघालं की जमवणारा मधल्या गादीवर बसतो, वाईट निघालं की दाराजवळ. त्या दिवशी आण्णा लोडाला टेकून होते.

स्वयंपाकघरात वैजू एकटी राबत होती. आमच्यात उष्टावणाला मामानं भाच्याला किंवा भाचीला मांडीवर घ्यायचं आणि सोन्याच्या अंगठीनं पहिला घास चाटवायचा. तोवर लेकराच्या तोंडाला दुधाशिवाय काही लागू द्यायचं नाही. बाकी घरांत खिरीवर भागतं. वैजूनं मात्र एकेका फळाभाजीची वाटी मांडली होती. लाल भोपळा चाळणीवर वाफवून, सालीवरचा गर चमच्यानं खरवडून, जाळीतनं दाबून काढलेला. रताळं पुरणयंत्रातनं फिरवलेलं, त्यात तिचं स्वतःचं दूध घालून सैल केलेलं. सफरचंद दालचिनीच्या पाण्यात शिजवून गाळलेलं. मीठ नाही, साखर नाही. प्रत्येक वाटीतला थेंब ती मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघायची, चटका नाही ना म्हणून, आणि मग ती वाटी झाकायची.

“एवढं सगळं हे चाटणार होय?” तानूबाई दारातनं म्हणाली. “आमच्या टायमाला वरणाच्या पाण्यावर पोरं पैलवान झाली.”

“पैलवान झाली, म्हणूनच तर शहाणी झाली न्हाईत,” वैजू म्हणाली.

तानूबाईनं माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला आणि विहिणीला चहा द्यायला पुढं गेली. मी ईश्वरीला मांडीवर घेऊन पाटावर चिकू सोलत बसले. कुकरमधनं बिटाच्या फोडी निघाल्या तेवढ्यात रणधीर आत आला.

“काय मावशी, नातीचा थाट चाललाय.”

“जावईबापूंचा पण चाललाय की,” मी म्हटलं.

तो हसला. खुंटीवरचा टॉवेल काढून त्यानं नळाखाली धरला. हात पुसायला टॉवेल भिजवावा लागत नाही, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. मग तो टॉवेल पिळायला लागला. सावकाश, धुण्याच्या बाईपेक्षा निगुतीनं.

“वैजयंता, बॅगा भरल्यास?”

“भरते.”

“मेव्हण्यांना काहीबाही सांगितलंस म्हणे.”

वैजूनं वाफाळणाऱ्या फोडी मिक्सरच्या भांड्यात टाकल्या.

“सांग की. मी कुठं नको म्हणतो? तिकडं कुणाला सांगणार ते बघू. शेजारी तमिळ बोलतात.” त्यानं पिळलेल्या टॉवेलाच्या टोकाला गाठ मारली, ती बोटांनी दाबून घट्ट केली. आवाज असा मऊ, की दारातनं कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, नवरा-बायकोचं किती जमतं. “आणि हे भाज्यांचे लाड इथंच संपवायचे. आईच्या हातचं खाईल ती.”

वैजूची नजर त्या गाठीवर होती. गरम जिन्नस मिक्सरला लावताना झाकणाला फट ठेवावी लागते, नाहीतर वाफ झाकण उडवते. हे तिला ठाऊक होतं, माझ्यादेखत तिनं तसं कितीदा केलं होतं. त्या दिवशी तिनं झाकण दाबून बसवलं आणि बटण फिरवलं.

झाकण छताला लागलं. कढत बीट तिच्या तोंडावर, मानेवर, ओट्यामागच्या भिंतीवर गेलं. ती ओरडली, आणि असं ओरडली की सोप्यातलं बोलणं थांबलं. ईश्वरी दचकून रडायला लागली. मी तिला घेऊन उठले आणि वैजूला धरलं. रणधीर एक पाऊल पुढं आला आणि त्यानं टॉवेलाचा हात उचलला. तोंड पुसायला उचलला असेल. गाठ मारलेल्या टॉवेलानं कुणी तोंड पुसत नाही, पण दुसरं काही हातात नव्हतं, असंही असेल.

दारात जालिंदर उभा होता, नुकताच सोनाराकडनं आलेला, हातात अंगठीची डबी. त्याला काय दिसलं ते सांगते. बहिणीचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत लालभडक. गळ्यावरनं लाल ओघळ ब्लाउजात चाललेला. भिंतीवर लाल फटकारा. आणि तिच्यासमोर दाजी, हात उगारलेला, हातात पिळलेला टॉवेल.

“दाजी,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “हे काय हाय?”

“अहो पाव्हणं, तसं नाही. हे मिक्सरचं...”

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. जालिंदरनं डबी टाकली, त्याच्या मानेत हात घातला आणि खांद्यावरनं उचलून फरशीवर आपटला. आखाड्यात खाली माती असते. इथं कडाप्पा होता. रणधीरच्या छातीतनं हवा सुटली ती मला ऐकू आली.

पण तोही नुसता इस्त्रीचा माणूस नव्हता. भट्टीवर काम केलेले हात त्याचे. पडल्या पडल्या त्यानं शेगडीवरचं चाळणीखालचं आधण ओढलं. उकळतं पाणी जालिंदरच्या हातावर पडलं आणि कातडी जागच्या जागी पांढरी पडली. जालिंदर मागं सरला तेवढ्यात रणधीर उठला आणि टॉवेल फिरवला. गाठ जालिंदरच्या बरगडीत बसली. मग पाठीत. मग पुन्हा बरगडीत, त्याच जागी. मी नीट बघत होते. चवताळलेला माणूस वाटेल तिथं मारतो. हा मोजून मारत होता, तोंड सोडून, हात सोडून, जिथं कपडा असतो तिथं. रोजच्या कामाचा हात होता तो.

जालिंदर क्षणभर थांबला. त्यानं स्वतःच्या बरगडीला हात लावून बघितला. मग ओट्यावर हात टाकला आणि हाताला जे लागलं ते उचललं. ते माझं पुरणयंत्र होतं.

पहिला घाव रणधीरनं खांद्यावर घेतला. दुसरा जबड्यावर बसला. सुकं खोबरं बत्त्यानं फोडावं तसा आवाज झाला आणि त्याची हनुवटी तोंडाखालनं बाजूला गेली. तो ओट्याला घासत खाली बसला, तरी जालिंदरनं त्याला गचांडी धरून उभा केला आणि पुन्हा हाणला. दोन दात झाकण उडालेल्या रताळ्याच्या वाटीत पडले.

“दाजी, उठा,” जालिंदर म्हणत होता. “उठा की दाजी. गाठ मारा अजून एक.”

दाजी म्हणायचं सोडलं नाही पठ्ठ्यानं. वळण ते वळण.

तोवर रणधीरची आई, सगुणाबाई, धावत आली आणि जालिंदरच्या पाठीवर चढून तिनं त्याच्या चुरगळलेल्या कानाला चावा घेतला. सकाळपासून तिच्या पुढं-पुढं करणाऱ्या तानूबाईनं तिचा अंबाडा धरून तिला मागं खेचलं. दोघी विहिणी भोपळ्याच्या पातेल्यावर पडल्या आणि तिथंच एकमेकींच्या झिंज्या उपटायला लागल्या. “सोड, सटवे, माझं पोरगं मारलं,” एक म्हणते. “आणि माझं लेकरू काय फुकट आलंय?” दुसरी म्हणते. चौघा जणांनी जालिंदरला धरून मागं ओढला, तेव्हा कुठं रणधीर खाली पडू शकला. फरशीवर रक्त कुठलं आणि बीट कुठलं ते सांगता आलं नसतं.

या सगळ्यात वैजू माझ्याशेजारी उभी होती, पोरीचं तोंड माझ्या खांद्याकडं वळवून. एक शब्द बोलली नाही. तोंडसुद्धा पुसलं नाही.

रणधीरला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सगुणाबाईनं डॉक्टरांना काय सांगितलं ते पुढं गाडीच्या ड्रायव्हरकडनं कळलं. बाथरूममध्ये पाय घसरून पडला म्हणाली. आमच्या दुकानात बायका हेच सांगतात. पुरुषासाठी कुणी सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पण तिचं तरी काय चुकलं? गलाईवाल्याला मेव्हण्यानं पुरणयंत्रानं बडवला हे बाजारात कळलं तर सोनं कोण देईल आटवायला?

घर शांत झालं. आण्णा लोड सोडून दाराजवळ येऊन बसले होते. तानूबाईचा एक डोळा सुजला होता, तरी ती म्हणाली, “मुहूर्त टळायच्या आत लेकराला चाटवून घ्या. त्या जिवाचा काय दोष?”

अंगठी फ्रिजखाली सापडली. जालिंदर नळावर कोपरापर्यंत हात धुऊन पाटावर बसला. भाजलेल्या हाताला फोड आले होते, उजव्या मुठीची बोटं मिटत नव्हती. ईश्वरीला मांडीवर दिली. वाट्या सगळ्या सांडलेल्या. वैजूनं मिक्सरच्या भांड्यात बुडाला राहिलेलं काढलं, जाळीतनं दाबलं, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि चांदीच्या वाटीत घालून भावापुढं ठेवलं.

त्यानं अंगठी बुडवून पोरीच्या ओठाला लावली. ती आधी थबकली, मग जिभेनं चाटलं, मग दोन्ही हातांनी मामाचा अंगठा धरून तोंडात घातला. तानूबाई रडायला लागली. जालिंदरनं अंगठा सोडवून घेतला आणि पुरुषांची जी सवय असते, उरलेलं स्वतः चाटलं.

त्याची जीभ तिथंच थांबली. त्यानं वाटीकडं बघितलं. मग बहिणीच्या तोंडाकडं. ते वाळलं होतं आणि कडेनं सोलून निघत होतं.

“वैजे, हे काय हाय?”

“बीट.”

“आणि तुझ्या तोंडावरचं?”

“तेच.”

ईश्वरी वाटीत हात घालत होती.

“म्हंजे आज त्यानं मारलं न्हवतं.”

“आज न्हवतं मारलं,” वैजू म्हणाली. “संक्रांतीला मारलं. सातव्या महिन्यात मारलं. बारशाला मारलं, ह्याच घरात, माडीवर. तवा तू खाली भज्यांना बेसन कमी पडलं म्हणून भांडत होतास.”

“मग मी आज त्याला कशापायी...”

“मी तुला सांगितलं होतं त्यापायी. तुला खूण पायजे होती, दादा. मिळाली.”

जालिंदर माझ्याकडं वळला. “मावशी, तुम्ही तिथंच होता. तुमच्या डोळ्यादेखत झाकण उडालं. तुम्ही तोंड का उघडलं न्हाई?”

आता सांगते. मी उघडलं होतं. तो दारात आला आणि ‘हे काय हाय’ म्हणाला, तेव्हा ‘अरे बीट आहे ते’ हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. तेवढ्यात वैजूची टाच माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडली. चुकून पडलेला पाय आपण उचलतो. तिनं सगळं अंग त्यावर टाकलं आणि भांडण मिटेपर्यंत उचललं नाही. मी तिच्याकडं बघितलं, तर ती भावाकडं बघत होती, कढत बीट पापणीवरनं ओघळत होतं आणि ती पापणीसुद्धा मिटत नव्हती. अशी किंमत कुणी मोजताना दिसलं की मी घासाघीस करत नाही. मी तोंड मिटलं.

जालिंदरला मी एवढंच म्हटलं, “मला विचारलं कुणी?” आणि पाय पुढं करून अंगठा दाखवला. नख काळंनिळं पडलं होतं. त्याला खुणाच बघायच्या होत्या ना.

त्यानं शर्ट वर करून स्वतःच्या बरगड्या बघितल्या. टॉवेल दोनदा एकाच जागी बसला होता, श्वास घेताना तो वाकडा होत होता. कातडीवर काही नव्हतं. लालसुद्धा झाली नव्हती. तो बोटानं दाबून बघत राहिला, मग त्यानं शर्ट खाली सोडला आणि बहिणीच्या पायांकडं बघत म्हणाला, “तू कुटं जात न्हाईस.”

रणधीरच्या जबड्याला तारा बांधल्या. दात वरखाली आवळून टाकलेले, बोलणं बंद, खाणं नळीनं. पुढच्या आठवड्यात सगुणाबाई माझ्या दुकानात आली. डोक्यावरनं पदर पुढं ओढलेला, कारण अंबाडा अजून भरला नव्हता.

“बारीक चाळण हाय का?”

“आहे की. कुणासाठी?”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी चेहरा दुकानदाराचा ठेवला.

“नळीतनं जाईल असं करायला पायजे. डॉक्टर म्हणतात फळं द्या, भाज्या द्या. मी करते ते अडकतंय. ते पोरीला करत होती ते... ती कसं करत होती?”

मी तिला बसवून सगळं सांगितलं. भोपळा उकडायचा नाही, वाफवायचा. दोरे जाळीत राहू द्यायचे. एका वेळी एकच नवी वस्तू द्यायची, दोन-तीन दिवस तीच, मग पुढची. मनगटावर थेंब टाकून बघायचा. ती मान डोलवत होती.

“बीट पण चालतं,” मी म्हटलं. “रक्त भरून येतं.”

“बीट नको,” ती म्हणाली. “बीट दाखवलं की तो हातवारे करतो. भिंतीकडं बोट करतो, तोंडाकडं करतो. काय म्हणतो कळत न्हाई. उजवा हात गळ्यात बांधलाय, लिहून दाखवायची बी सोय न्हाई. डोक्यावर परिणाम झालाय का काय, देव जाणे.”

मला कळत होतं. मी चाळण कागदात गुंडाळून दिली.

त्याच्या तारा निघाल्या त्यानंतरच्या रविवारी आण्णांच्या घरी बैठक बसली. वैजूला कोइमतूरला पाठवायचं का सोडचिठ्ठी करायची, हे ठरायचं होतं. रणधीर वाळून अर्धा झाला होता. हनुवटी एका बाजूला गेली ती गेलीच. तोंड पुरतं उघडत नव्हतं, पण शब्द निघत होते, आणि ते त्यानं इतके दिवस साठवून ठेवले होते.

“ते रक्त नव्हतं,” तो म्हणाला. “बीट होतं. बाळाचं बीट. मिक्सर उडाला.”

कुणी हसलं नाही, पण माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

“बीट,” आण्णा म्हणाले.

“भिंतीवर अजून डाग असंल. जाऊन बघा.”

“बघितलाय. सगळ्या गावानं बघितलाय, रणधीर. बीट लाल असतं. तो डाग तपकिरी हाय. वाळलेलं रक्त ओळखू येतं आम्हाला.”

बीट वाळलं की तेही तपकिरीच पडतं. पण हे मला कुणी विचारलं नव्हतं.

“मावशींना विचारा,” रणधीर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरं बोलतोय आणि कुणाला पटत नाही, याचा अनुभव त्याला पहिलाच असावा. “त्या तिथं होत्या.”

सगळे माझ्याकडं वळले. जालिंदर खाली मान घालून बसला होता. वैजू उंबऱ्याच्या आत, ईश्वरीला घेऊन. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“होते की,” मी म्हटलं. “ह्यांनी टॉवेल भिजवला, पिळला आणि त्याला गाठ मारली. ते मी या डोळ्यांनी बघितलंय. कशाला मारली ते त्यांनाच विचारा.”

“मारली असंल गाठ,” तो म्हणाला. घाईनं बोलताना त्याचा जबडा कटकट वाजत होता. “पण त्या दिवशी मी तिला हात लावला नाही. आईच्या गळ्याची शपथ. त्या दिवशी नाही.”

आण्णांनी पानाचा डबा मिटला. लग्न जमवणाऱ्याला ऐकू येतं, फक्त उशिरा.

“बरं,” ते म्हणाले. “मग कुठल्या दिवशी लावला होता?”

रणधीरनं तोंड उघडलं. तारा निघाल्या होत्या, तरी ते तिथंच अडकलं. सगुणाबाईनं पदर पुढं ओढला. बैठक तिथंच संपली, बाकीची लिखापढी वकिलानं केली.

ईश्वरी आता दहावीला आहे. चांगली उंच निघाली, खाण्यापिण्याची आवड अशी की आईच्या हाताखाली शेजारच्या बाळांसाठी भोपळा गाळून देते. जालिंदर दर दिवाळीला घर रंगवतो. ओट्यामागचा तेवढा तुकडा सोडायला लावतो. रंगारी नवा असला की विचारतो, आणि हा म्हणतो, राहू दे.

परवा मी त्यांच्याकडं बसले होते, तेव्हा पोरीनंच विचारलं. “मामा, हा डाग कसला आहे रे? मैत्रिणी विचारतात. कुणाचं रक्त सांडलं होतं का इथं?”

वैजू चाळण धूत होती. तिचा हात थांबला नाही.

“बीट हाय ते,” जालिंदर म्हणाला. “तुझ्या उष्टावणाचं.”

ईश्वरीनं डागाकडं बघितलं, मामाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

“काहीतरीच सांगतो हा,” ती म्हणाली.